रस्ता आधी कुणाच्या दारी? पोर्तो अलेग्रेच्या सहभागी अंदाजपत्रकाचा इतिहास

१/२५
एखाद्या शहराच्या तिजोरीत वर्षाला तीन रस्ते होतील एवढाच पैसा आहे आणि रस्ता मागणाऱ्या वस्त्या तीस आहेत. कोणत्या तीन वस्त्यांना रस्ता मिळावा, हे कोणी ठरवायचे? नगरसेवकाने, अभियंत्याने, की त्या चिखलातून रोज चालणाऱ्यांनी? १९८९ साली ब्राझीलमधील एका शहराने हा प्रश्न रहिवाशांच्या सभेत नेला आणि तिथे झालेले मतदान अंदाजपत्रकात उतरवले. हा प्रयोग पुढे जगभर गेला, पुण्यातही आला. त्याचा उदय, त्याचे गणित आणि त्याची उतरण यांची ही हकीकत.

२/२५
शहराचे नाव पोर्तो अलेग्रे. ब्राझीलच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याची ही राजधानी ग्वाईबाच्या विस्तीर्ण जलाशयाकाठी वसली आहे. १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेबारा लाखांच्या पुढे होती. ब्राझीलच्या मानाने शहर सुस्थितीतले, शिकलेले. मात्र मध्यवर्ती भागातील रुंद रस्ते आणि बागा ओलांडून टेकड्यांकडे व दक्षिणेकडे वळले की दुसरेच शहर सुरू होई. तिथे लाकडी घरे होती, कच्च्या वाटा होत्या, उघडी गटारे होती आणि नावावर नसलेली जमीन होती.

३/२५
हे दुसरे शहर आपोआप उगवलेले नव्हते. रेस्तिंगा या वस्तीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात मध्यवर्ती भागांतील झोपड्या हटवण्यात आल्या आणि तेथील कुटुंबे वीस किलोमीटरहून दूर, शहराच्या दक्षिण सीमेवर नेऊन वसवण्यात आली. माणसे आधी पोहोचली. पाणी, रस्ता, शाळा आणि बस मागाहून, मागून-मागून आली. वस्तीचा इतिहास म्हणजे मागण्यांचा इतिहास, हे समीकरण शहराच्या कडेला राहणाऱ्या अनेकांच्या वाट्याला आले होते.

४/२५
मागायचे तरी कोणाकडे? १९६४ ते १९८५ ब्राझीलवर लष्करी राजवट होती. राज्यांच्या राजधान्यांचे महापौर त्या काळात वरून नेमले जात. लोकांनी निवडलेला महापौर पोर्तो अलेग्रेला १९८५ च्या निवडणुकीनंतरच मिळाला. नगरसेवक मात्र होते आणि त्यांचे राजकारण बऱ्याच अंशी ओळखीवर चाले. वस्तीचा म्होरक्या नगरसेवकाकडे जाई, नगरसेवक खात्याकडे शब्द टाकी, आणि दिवा किंवा नळ आला तर वस्तीने तो उपकार मतपेटीत फेडावा, अशी रीत होती. महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

५/२५
या रीतीला आव्हान वस्त्यांमधूनच मिळाले. १९८३ साली शहरातील मोहल्ला-संघटनांनी एकत्र येऊन ‘उआम्पा’ नावाचा महासंघ स्थापला. सुटे नळ आणि सुटे दिवे मागण्यावर हा महासंघ थांबला नाही. १९८६ साली त्याने मांडले की खरा निर्णय अंदाजपत्रकात होतो, म्हणून अंदाजपत्रक ठरवण्यातच रहिवाशांना वाटा हवा. त्या वेळच्या महापालिकेने लोकसहभागाची भाषा स्वीकारली. पैशाचा निर्णय मात्र आपल्याच हाती ठेवला. सहभागी अंदाजपत्रकाचे श्रेय पुढे एका पक्षाला मिळाले, तरी मागणीचे मूळ या संघटनांत आहे.

६/२५
पूर्वसुरीही होते. दक्षिणेकडील लाजेस या छोट्या शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस, लष्करी राजवट असतानाच, महापौर दिर्सेउ कार्नेइरो यांनी वस्तीसभांतून कामे ठरवण्याचा प्रयत्न केला होता. पोर्तो अलेग्रेच्याच राज्यातील पेलोतास शहरातही १९८० च्या दशकात असा प्रयोग झाला. हे प्रयोग त्या त्या महापौराबरोबर आले आणि त्याच्याबरोबर ओसरले. कल्पना हवेत होती. तिला टिकाऊ यंत्रणा मिळाली नव्हती.

७/२५
१९८८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्राझीलची नवी राज्यघटना लागू झाली. तिने नगरपालिकांना अधिक स्वायत्तता आणि कर-उत्पन्नाचा मोठा वाटा दिला. पुढच्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत पोर्तो अलेग्रेत ‘कामगार पक्षा’चे ओलिव्हिओ दुत्रा विजयी झाले. ते बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतून आलेले नेते होते. ब्राझीलमधील महापौर थेट निवडला जातो आणि प्रशासनाचा प्रमुखही तोच असतो. आपल्याकडे आयुक्त जे अंदाजपत्रक मांडतो, ते तिथे महापौर मांडतो आणि नगरसभा ते मंजूर करते. पुढचा सारा इतिहास समजण्यासाठी हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

८/२५
१ जानेवारी १९८९ रोजी दुत्रा खुर्चीवर बसले तेव्हा तिजोरी जवळजवळ रिकामी होती. उत्पन्नाचा बहुतेक सारा भाग कर्मचाऱ्यांच्या पगारात जात होता आणि महागाई वर्षाला हजार टक्क्यांच्या घरात पोहोचली होती. तरीही वचनाप्रमाणे वस्त्यांत सभा झाल्या. लोक आले, मागण्यांचे ढीग लागले आणि वर्षअखेरीस त्यांतले फारच थोडे उभे राहिले. १९९० च्या सभांना संपूर्ण शहरातून हजारभर माणसेही जमली नाहीत. नव्या प्रयोगाचा हा पहिला धडा होता. पैसा नसताना घेतलेले मत लोकांना थट्टेसारखे वाटते आणि ते दुसऱ्यांदा येत नाहीत.

९/२५
म्हणून पहिली दुरुस्ती सभेत न होता करवसुलीत झाली. घरपट्टीची फेररचना करून मोठ्या मालमत्तांवर चढता दर लावला गेला. महागाईने कराची रक्कम वितळू नये म्हणून ती महागाईशी जोडली गेली, थकबाकीकडे लक्ष पुरवले गेले. नव्या घटनेने वाढवलेला केंद्राचा व राज्याचा वाटाही येऊ लागला. काही वर्षांतच विकासकामांसाठी हाती राहणारा हिस्सा अंदाजपत्रकाच्या दहा टक्क्यांवर गेला. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने तो लहानच, परंतु आता मत देण्याजोगे काहीतरी टेबलावर होते. सहभागी अंदाजपत्रकाच्या कौतुकात घरपट्टीचा हा अध्याय बहुधा गाळला जातो.

१०/२५
दुसरी दुरुस्ती नकाशात झाली. सुरुवातीला शहराचे पाचच विभाग कल्पिले होते. ते इतके मोठे होते की एका टोकाच्या माणसाला दुसऱ्या टोकाच्या सभेत परके वाटे. मोहल्ला-संघटनांशी चर्चा करून विभागांची संख्या सोळा करण्यात आली आणि सीमा आखताना लोक स्वतःला कोणत्या भागाचे समजतात हे पाहिले गेले. रेस्तिंगा, क्रुझेइरो, लोंबा दो पिन्येइरो, पार्तेनोन, ग्लोरिया ही नावे आता निव्वळ पत्त्याची राहिली नाहीत. ती अंदाजपत्रकाची एकके झाली.

११/२५
वर्षाचे चक्र ठरून गेले. वसंत-उन्हाळा संपला की मार्च-एप्रिलपासून विभागसभा सुरू होत. पहिल्या फेरीत प्रशासन गेल्या वर्षीचा हिशेब देई: कोणते काम झाले, कोणते अडले, का अडले. महापौर आणि खातेप्रमुख समोर बसलेले असत. मग वस्तीवस्तीत छोट्या बैठका होऊन मागण्यांचा क्रम लागे. दुसऱ्या फेरीत विभाग आपले अग्रक्रम नोंदवी आणि अंदाजपत्रक परिषदेवरचे सदस्य निवडी. ३० सप्टेंबरपर्यंत अंदाजपत्रक नगरसभेकडे जाई. वर्षाची शेवटची मुदत कायद्याने बांधलेली असल्याने चर्चेलाही शिस्त आली.

१२/२५
प्रतिनिधी निवडण्याचा नियम लक्षणीय होता. विभागाला किती प्रतिनिधी मिळणार, हे सभेला किती माणसे हजर आहेत यावर ठरे. जितकी उपस्थिती अधिक, तितके प्रतिनिधी अधिक. त्यामुळे रस्ता हवा असलेल्या गल्लीला शेजाऱ्यांना घराबाहेर काढणे भाग पडे. एका म्होरक्याने सर्वांच्या वतीने बोलण्याचे दिवस त्यामुळे कठीण झाले. त्याच्या मागे माणसे आहेत की नाहीत, हे सभागृहात मोजले जात होते.

१३/२५
मात्र केवळ डोकी मोजली असती तर संघटित विभागांनी सगळे पैसे नेले असते. इथेच या पद्धतीचा गाभा येतो. विभागांमध्ये पैसा वाटताना तीन निकष लावले जात: विभागाने त्या कामाला दिलेला अग्रक्रम, विभागाची लोकसंख्या आणि त्या सुविधेची तेथील कमतरता. प्रत्येक निकषाला गुण, प्रत्येक गुणाला भार. जिथे कच्चे रस्ते अधिक, तिथे रस्त्यांसाठीचे गुण अधिक. भार किती असावा यावर दरवर्षी वाद होई, पण एकदा ठरला की तो सर्वांना सारखाच लागू होई.

१४/२५
कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ‘अ’ विभागात बहुतेक रस्ते पक्के आहेत आणि सभेला दोन हजार माणसे येतात. ‘ब’ विभागात निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत, पण सभेला चारशेच येतात. दोघांनीही रस्त्याला पहिला अग्रक्रम दिला, तर कमतरतेच्या गुणांमुळे ‘ब’चे पारडे जड होऊ शकते. ‘ब’मधील कोणता रस्ता आधी व्हावा, हे मात्र त्या चारशे जणांनीच ठरवायचे. कशावर खर्च करायचा ते मताने ठरे; कोणाला किती मिळावे हे गरजेच्या गुणांकनाने. बहुमत आणि न्याय्य वाटप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या रचनेने ओळखले होते.

१५/२५
विभागांच्या वर अंदाजपत्रक परिषद होती. प्रत्येक विभागाचे दोन सदस्य, पुढे विषयवार सभांचे दोन-दोन, शिवाय पालिका कर्मचारी संघटना आणि उआम्पा यांचा एकेक. प्रशासनाचे प्रतिनिधी चर्चेत बसत, पण त्यांना मत नव्हते. सदस्यत्वाची मुदत एका वर्षाची, आणि निवडणाऱ्यांना सदस्य परत बोलावता येई. गवंडी, मोलकरीण, शिक्षिका, निवृत्त कामगार अशी माणसे आठवड्यामागून आठवडे आकड्यांच्या तक्त्यांशी झुंजत. अभियंत्यांना ‘हे होणार नाही’ एवढे म्हणून भागत नसे. का होणार नाही, हे सर्वांना कळेल अशा भाषेत सांगावे लागे.

१६/२५
ठरलेली कामे एका पुस्तिकेत छापली जात. विभाग, गल्ली, काम यांची ती सरळ यादी होती. इतिहासकाराला हा दस्तऐवज फार मोलाचा वाटावा, कारण सत्तेचा शब्द इथे छापील पुरावा बनला. पुढच्या वर्षी सभेत उभे राहून ‘आमच्या गल्लीचे नाव यात आहे, रस्ता कुठे आहे?’ असे विचारण्याचा हक्क त्या पुस्तिकेने दिला. पूर्वी हेच विचारायला नगरसेवकाच्या दारात उभे राहावे लागे, आणि तेही याचकासारखे.

१७/२५
लोकांनी मागितले काय? १९९० च्या दशकातील अग्रक्रमांत तीन गोष्टी पुन:पुन्हा वर येतात: रस्त्यांचे पक्केकरण, सांडपाण्याची व्यवस्था आणि जमिनीची मालकी व घरे. रस्ता इतका वर का, याचे कारण टेकडीवरच्या वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. कच्च्या चढावर पावसाळ्यात बस येत नाही, रुग्णवाहिका येत नाही, कचऱ्याची गाडी येत नाही. एका पक्क्या रस्त्यामागून शहराच्या निम्म्या सेवा चालत येतात. तज्ज्ञांच्या यादीत जे काम दुय्यम ठरते, ते राहणाऱ्याच्या यादीत पहिले असू शकते.

१८/२५
फळ दिसू लागले. १९८९ च्या सुमारास नळाचे पाणी सुमारे ८० टक्के घरांना मिळे. १९९६ पर्यंत हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेले. सांडपाणी वाहिन्यांची व्याप्ती याच काळात निम्म्याहून कमी होती, ती सुमारे ८५ टक्के झाली. दरवर्षी वीस किलोमीटरहून अधिक रस्ते पक्के झाले, शाळांची संख्या वाढली. सगळे श्रेय सभांना देता येणार नाही. शहराचा पाणी व मलनिस्सारण विभाग आधीपासूनच सक्षम होता, त्याचे उत्पन्न स्वतंत्र होते आणि घटनेने दिलेला वाढीव निधीही होता. परंतु वाहिन्या आधी कोणत्या वस्तीकडे वळल्या, यावर सभांची छाप स्पष्ट आहे.

१९/२५
सभागृहे भरू लागली. १९९० मध्ये हजाराच्या आत असलेली उपस्थिती दशकाच्या अखेरीस वर्षाला वीस हजारांवर गेली. पाहण्यांतून दिसले की शहराच्या सरासरीपेक्षा गरीब आणि कमी शिकलेल्या लोकांचे प्रमाण सभांत अधिक होते. दशक संपताना स्त्रिया निम्म्याहून अधिक होत्या. वरच्या पदांवर मात्र पुरुष आणि अधिक शिकलेले लोक जास्त राहिले. पोटासाठी दिवसभर राबणारा सर्वांत गरीब माणूस सभेतही कमीच दिसे. आणि वीस हजार म्हणजे तेरा लाखांच्या शहरातील दीड टक्का, हेही विसरता येत नाही.

२०/२५
नगरसेवकांचे काय झाले? महापौरांच्या पक्षाकडे नगरसभेत बहुमत नव्हते. अंदाजपत्रक बदलण्याचा कायदेशीर अधिकार नगरसभेकडेच होता. पण हजारो लोकांनी मांडून, मोजून, छापून आणलेल्या यादीतला एखादा रस्ता वगळणे म्हणजे त्या गल्लीशी उघड वैर घेणे होते. अधिकार कागदावर राहिला, त्याची धार बोथट झाली. विरोधकांचा आक्षेप गंभीर होता: शहराने निवडलेल्या सभागृहाला दीड टक्का लोकांची परिषद बाजूला सारते, हे लोकशाहीत बसते का? ही परिषद कायद्याने स्थापन झालेली नव्हती. ती स्वतःचे नियम स्वतः करी. समर्थकांना हीच तिची ताकद वाटे. पुढे तीच तिची कमजोरी ठरली.

२१/२५
१९९६ साली इस्तंबूल येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नागरी वसाहतविषयक परिषदेत पोर्तो अलेग्रेचा उत्तम प्रथांमध्ये समावेश झाला. जानेवारी २००१ मध्ये जागतिक सामाजिक मंचाचे पहिले अधिवेशन याच शहरात भरले. तिसऱ्यापर्यंतची अधिवेशने तिथेच झाली आणि २००४ चे चौथे मुंबईत, गोरेगावच्या मैदानावर भरले. जगभरचे कार्यकर्ते, अभ्यासक, महापौर पोर्तो अलेग्रेला जाऊन सभा पाहून येऊ लागले. गल्लीतील गटाराचा वाद सोडवण्याची एक पद्धत आता जगाच्या राजकारणातील प्रतीक बनली होती.

२२/२५
प्रतीक उंच जात असताना पाया खचत होता. १९९९ मध्ये राज्याचे गव्हर्नर झालेल्या दुत्रांनी हीच पद्धत पूर्ण राज्याला लावली. ती त्यांच्या एका कार्यकाळापलीकडे टिकली नाही. शहरात २००० नंतर पैशाची ओढाताण सुरू झाली. मंजूर पण अपूर्ण कामांची यादी लांबत गेली. २००४ च्या निवडणुकीत सोळा वर्षे सत्तेत असलेला पक्ष हरला. नवे महापौर जोझे फोगासा यांनी सभा बंद केल्या नाहीत. तसे वचन देऊनच ते निवडून आले होते. मात्र शासनाचे लक्ष आणि निधी अन्य योजनांकडे वळला. सभा होत राहिल्या, पुस्तिकेतील कामे मागे पडत गेली. २०१७ मध्ये तिजोरीच्या दुरवस्थेचे कारण देऊन तत्कालीन प्रशासनाने ही प्रक्रियाच स्थगित केली. कायद्याचे कुंपण नसल्याने ते अवघड गेले नाही.

२३/२५
तोवर कल्पना जगभर पसरली होती आणि पसरताना तिचे रूप पालटले होते. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून काही नगरसेवकांनी आपल्या निधीपुरते मतदान घेतले. पॅरिसने २०१४ पासून गुंतवणूक निधीचा पाच टक्के भाग नागरिकांच्या मतासाठी काढला. पोलंडने २०१८ मध्ये मोठ्या शहरांना अशी तरतूद कायद्याने बंधनकारक केली. अनेक ठिकाणी सभेची जागा संगणकावरील मताने घेतली: प्रकल्पांच्या यादीतून आवडेल तो निवडायचा. सोय वाढली, सहभागींची संख्याही वाढली. पोर्तो अलेग्रेतील गरजेचे गुणांकन मात्र बहुतेकांनी उचलले नाही. ते नसेल तर ज्यांच्याकडे वेळ, साधने आणि ओळखी आहेत त्यांचेच प्रकल्प पुढे जाण्याचा धोका राहतो.

२४/२५
भारतात दोन वाटा दिसतात. केरळने ऑगस्ट १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू करून राज्याच्या योजना-निधीचा ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे सोपवला आणि ग्रामसभांना नियोजनाशी जोडले. तिथे आधी पैसा खाली आला, मग चर्चा. पुणे महापालिकेने २००६ मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केले. नागरिकांनी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पदपथ, दिवे, बाके, बसथांबे अशी छोटी कामे सुचवायची आणि प्रभाग समितीने त्यांतून यादी करायची. भारतातील महानगरांत हा आरंभीचा आणि टिकून राहिलेला उपक्रम आहे. मात्र सुरुवातीच्या सभांचा भाग पुढे क्षीण झाला आणि अर्ज उरला. सुचवणे नागरिकाकडे, ठरवणे पूर्वीच्याच हाती. पोर्तो अलेग्रेशी तुलना करताना हा फरक निर्णायक आहे.

२५/२५
या इतिहासातून काढता येणारा निष्कर्ष साधा आहे. पोर्तो अलेग्रेत मतदान प्रभावी ठरले ते त्याच्या आगेमागे चार गोष्टी होत्या म्हणून: आधी वाढवलेले करउत्पन्न, गरजेला वजन देणारा उघड नियम, छापलेली यादी, आणि पुढच्या वर्षी त्या यादीचा जाहीर हिशेब. १९९० मध्ये पैसा नव्हता तेव्हा सभा ओस पडल्या. २००० नंतर हिशेब जुळेना तेव्हा विश्वास ओसरला. दोन्ही वेळा सभा घेण्याची पद्धत जवळपास तीच होती. म्हणून कोणत्याही शहरात, प्रभागात वा ग्रामसभेत ‘लोकांनी ठरवले’ असे सांगितले जाते तेव्हा काही प्रश्न विचारणे योग्य ठरते. ठरवण्यासाठी पैसा किती होता? तो वाटण्याचा नियम कोणता होता? आणि गेल्या वर्षी लोकांनी ठरवलेल्या कामांपैकी किती प्रत्यक्षात उभी आहेत?